नित्याच्या व्यवहारांतील श्रद्धा

एखादा मनुष्य कोणत्या धर्माचा आहे हें रस्त्यानें जाणाऱ्या परक्यालाही ओळखतां येतें. कपाळावरचें गंध, डोक्यावरची टोपी, गळ्यांतला क्रूस, रविवारीं सकाळीं हातांत पुस्तक घेऊन प्रार्थनामंदिराकडे निघालेलें कुटुंब, या खुणा कोणालाही वाचतां येतात. परंतु त्या मनुष्याची श्रद्धा कितपत खरी आहे हें परक्याला कळत नाहीं. तें शेजाऱ्याला कळतें, घरांत भांडीं घासणाऱ्या बाईला कळतें, उधारीवर माल देणाऱ्या वाण्याला कळतें. गंध धुतां येतें, क्रूस काढून ठेवतां येतो. पण मध्यरात्रीं शेजारीं कोणी आजारी पडलें असतां आंतून दाराची कडी निघते कीं नाहीं, ही खूण कोणाला लपवितां येत नाहीं.

ख्रिस्ती धर्मग्रंथांत यासंबंधीं एक मार्मिक प्रसंग आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांत शेवटच्या न्यायाचें वर्णन येतें. तेथें राजा नीतिमान लोकांस सांगतो कीं, तो भुकेला असतां त्यांनीं त्याला जेवूं घातलें, तान्हेला असतां पाणी दिलें, परका असतां घरांत घेतलें, आजारी असतां समाचार घेतला. हें ऐकून ते लोक गोंधळून जातात. राजाला कधीं जेवूं घातल्याचें त्यांना मुळींच आठवत नाहीं! तेव्हां राजा उलगडा करतो कीं, अगदीं क्षुद्र समजल्या गेलेल्या माणसासाठीं जें केलें, तें त्याच्याचसाठीं केलें. या कथेंतील मर्म त्या लोकांच्या आश्चर्यांत आहे. आपण कांहीं धर्मकृत्य करीत आहोंत अशी जाणीवही त्यांना नव्हती. समोर भूक होती, त्यांनीं ताट वाढलें. एवढेंच त्यांना ठाऊक होतें.

ख्रिस्ती मनुष्याची श्रद्धा नित्याच्या व्यवहारांत कशी दिसते, या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं दूर देशीं जावयास नको. महाराष्ट्रांतील मराठी ख्रिस्ती समाजांतच अशीं कांहीं माणसें होऊन गेलीं, कीं ज्यांचा रोजचा दिवस लेखांतून उपलब्ध आहे. त्यांची परीक्षा ताट, पाणी आणि काम या तीन साध्या जागीं पाहतां येईल.

पहिली जागा ताटाची. पंडिता रमाबाई यांचें नांव सर्वांस परिचित आहे. २३ एप्रिल १८५८ रोजीं अनंतशास्त्री डोंगरे यांच्या पोटीं त्यांचा जन्म झाला. वडिलांनीं पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकविलें. तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवर हें कुटुंब उपजीविका करीत असे. पुढें दुष्काळ आला आणि थोड्याच काळांत वडील, आई व वडील बहीण तिघेंही गेलीं. रमाबाई आणि त्यांचे बंधु श्रीनिवास हीं दोघें मागें उरलीं आणि पायीं हिंदुस्थानभर हिंडलीं. कधीं रानांतलीं पानें आणि मुळें खाऊन त्यांनीं दिवस काढले. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं हिंवाळ्यांत पांघरूण नसल्यामुळें दोघांनीं वाळूंत खड्डे खणले, त्यांत निजून अंगावर वाळू ओढून घेतली, आणि डोकें तेवढें बाहेर ठेवून रात्र काढली. ज्या बाईला पुढें कलकत्त्याच्या विद्वानांनीं ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविलें, तिला भूक ही पुस्तकांतून शिकावी लागली नव्हती.

१८८३ सालीं रमाबाई इंग्लंडला गेल्या. तेथें वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमांत त्या राहिल्या. या भगिनींचें लंडनमधील फुलहॅम येथें एक गृह होतें. समाजानें ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथें आसरा मिळे, आणि ज्यांना आसरा मिळाला त्याच स्त्रिया पुढें दुसऱ्या आजारी, दुःखी जिवांची शुश्रूषा करीत. तें पाहून रमाबाई थक्क झाल्या. अशा स्त्रीला घराबाहेर काढावें, तिच्या सावलीलाही उभें राहूं नये, हीच रीत त्यांनीं आजवर पाहिली होती. हें असें कां करितां, असें त्यांनीं एका भगिनीला विचारलें. उत्तरादाखल त्या भगिनीनें योहानाच्या शुभवर्तमानांतील, विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची आणि येशूची भेट वाचून दाखविली. म्हणजे आधीं डोळ्यांनीं कृति पाहिली आणि मग कानांनीं शास्त्र ऐकलें, असा हा क्रम आहे. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. कोणा वक्त्यानें वादांत जिंकून त्यांना नेलें असतें, तर त्या पंडितेनें उलट चार प्रश्न विचारले असते. पण टाकलेल्या बाईला कोणी उचलून घेतें, या गोष्टीला पूर्वपक्ष काय करावयाचा?

तथापि बाप्तिस्म्याबरोबर परक्या देशाच्या चालीरीती त्यांनीं पतकरल्या नाहींत. त्यांचा आहार शाकाहारीच राहिला, वेष साध्या पांढऱ्या लुगड्याचाच राहिला. धर्मगुरूंची आज्ञा आली म्हणून आपली विचारशक्ति गहाण टाकावी, हेंही त्यांना मान्य नव्हतें. त्यावरून आश्रमांतील वडीलधाऱ्या भगिनींशीं त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. श्रद्धा म्हणजे पोषाख बदलणें नव्हे, आणि श्रद्धा म्हणजे विचार सोडणेंही नव्हे, हें त्यांच्या वागण्यांतून प्रथमपासून दिसतें.

१८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून भुकेच्या वार्ता येऊं लागल्या. रमाबाई स्वतः तेथें गेल्या. अन्नासाठीं दारोदार फिरणाऱ्या अनाथ मुली आणि तरुण विधवा यांच्यावर दुष्ट लोकांची नजर होती. रमाबाईंनीं त्यांना आपल्याबरोबर आणण्यास आरंभ केला. पुण्यांत त्या वेळीं प्लेगची साथ असल्यामुळें पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगांव येथें त्यांचें जें शेत होतें, तेथेंच या मुलींची सोय करावी लागली. त्यांतूनच ‘मुक्ति’ सदन उभें राहिलें. पुढें १८९९-१९०० सालीं गुजराथेंत मोठा दुष्काळ पडला, आणि सदनांतील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली.

दोन हजार माणसांना दोन वेळां जेवूं घालणें म्हणजे काय, हें ज्या गृहिणीनें पंचवीस पानांचें कार्य उरकलें आहे तिलाच उमगेल. शिवाय हीं माणसें सुखवस्तु पाहुणीं नव्हतीं. अंगावर खरूज, केसांत उवा, पोटांत वर्षाची भूक, मनांत सगळ्या जगाचा संशय! उपाशी राहिलेलें लेंकरूं पहिले कित्येक दिवस मिळालेली भाकरी लपवून ठेवतें, कारण उद्यां मिळेल यावर त्याचा विश्वास नसतो. अशा मुलींना न्हाऊं घालणें, औषध लावणें, भांडणें सोडविणें, अक्षरें गिरवून घेणें, हें त्या सदनांतलें रोजचें भजन होतें. विहिरी खणल्या, शेती केली, गाई पाळल्या, माग बसविले, तेलाचा घाणा चालविला. रमाबाईंची कन्या मनोरमा हिनें आंधळ्यांची लिपि शिकून घेऊन तेथील आंधळ्या मुलींना वाचावयास शिकविलें. झेलमच्या कांठीं वाळूंत निजलेल्या मुलीनें दोन हजार जणींच्या डोक्यावर छप्पर घातलें.

येथें एक आक्षेप टाळून पुढें जाणें सचोटीचें होणार नाहीं. भुकेल्याला अन्न देतांना त्याचा धर्म मोबदल्यांत घेतला, असा आरोप रमाबाईंवर त्यांच्या हयातींत झाला आणि पुढेंही होत राहिला. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस उघडलेलें आणि पुढच्या वर्षीं पुण्यास आणलेलें ‘शारदासदन’ हें धर्माच्या बाबतींत तटस्थ राहील, असें वचन होतें. रमाबाई स्वतःच्या खोलींत दार उघडें ठेवून प्रार्थना करीत, आणि कांहीं मुली येऊन बसूं लागल्या. यावरून १८९३ सालीं वादळ उठलें. न्यायमूर्ति रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या सहायकांनीं संबंध सोडला, आणि बऱ्याच पालकांनीं मुली काढून नेल्या. त्या पालकांची चिंता खोटी नव्हती. ज्याच्या हातीं अन्न असतें, त्याच्या शब्दाला अन्नाचें वजन येतें. हें दात्यानें कधींही विसरूं नये. परंतु त्याच शारदासदनांत शिकलेल्या गोदूबाई नांवाच्या बालविधवेचें उदाहरणही विसरूं नये. त्या हिंदूच राहिल्या. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं त्यांचा पुनर्विवाह झाला. आणि कर्वे यांनीं १८९६ सालीं आरंभिलेल्या अनाथ बालिकाश्रमाच्या कार्यांत त्यांनीं पुढें हातभार लावला. एका चुलीवरचा विस्तव दुसऱ्या चुलींत गेला, आणि तेथें दुसऱ्या देवाच्या नांवानें भात शिजला. विस्तवाची त्याबद्दल कांहीं तक्रार नसते.

दुसरी जागा पाण्याची. ज्या देशांत पाणी कोणाच्या हातचें प्यावें यावर माणसाची प्रतिष्ठा ठरत असे, त्या देशांत ख्रिस्ती श्रद्धेची खरी कसोटी पाण्याच्या तांब्यापाशीं लागली. कवि नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना हा घाव असह्य झाला. कांहीं वर्षें त्या माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढें मुलाला घेऊन त्या पतीजवळ आल्या. पण चूल वेगळी, पाणी वेगळें, सोंवळें वेगळें. टिळकांनीं त्यांच्यावर जुलूम केला नाहीं. मग एकदां लक्ष्मीबाईंच्या मनांत प्रश्न उभा राहिला कीं, या जाती निर्माण तरी कोणीं केल्या? देवानें कीं माणसांनीं? या झगड्याचें वर्णन त्यांनीं आपल्या ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्रांत मोकळेपणानें केलें आहे. शेवटीं त्यांनीं सोंवळें सोडलें, आणि १९०० सालीं स्वतःही बाप्तिस्मा घेतला. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, पाण्याचा निर्णय आधीं झाला आणि बाप्तिस्म्याचें पाणी मागाहून आलें.

या गोष्टीचें महत्त्व कळण्यासाठीं नगर जिल्ह्यांतील तत्कालीन ख्रिस्ती समाज डोळ्यांपुढें आणला पाहिजे. त्यांतील बहुतेक कुटुंबें महार आणि मांग समाजांतून आलेलीं होतीं. गांवच्या विहिरीवर त्यांना घडा बुडविण्याची मुभा नव्हती. सार्वजनिक पाण्यावरील हक्क बजावण्यासाठीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांना २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, यावरून त्या आधींच्या पंचवीस-तीस वर्षांतील स्थितीची कल्पना येईल. अशा काळीं कर्मठ घरांत वाढलेली एक ब्राह्मण स्त्री त्यांच्या पंगतीला बसते, त्यांच्या हातचें पाणी पिते, त्यांच्या मुलींना मांडीवर घेते, हें एक प्रवचनच होतें. आणि तें कोणाला समजावून सांगावें लागलें नाहीं.

परंतु येथेंही सत्य पुरतें सांगितलें पाहिजे. प्रभुभोजनाच्या वेळीं एकाच भाकरीचा तुकडा आणि एकाच प्याल्यांतील घोट घेणारे लोकही घरीं गेल्यावर सोयरीक जुळवितांना जुनी जात विचारीत आले आहेत. ती संवय अजूनही पुरती गेलेली नाहीं. मनाला पटलेली गोष्ट हाताच्या अंगवळणीं पडावयास पिढ्या लागतात. म्हणूनच एका बाईनें आपल्या एका आयुष्यांत हें अंतर ओलांडलें, याचें मोल अधिक.

टिळकांच्या घराची दुसरीही एक बाजू आहे. टिळक मोठे दानशूर. हातांत पगार आला कीं वाटेंत भेटलेल्या गरजू माणसाला द्यावा, आणि रिकाम्या हातीं घरीं यावें! अवेळीं पाहुणा आणावा, अनाथ मूल आणावें, आणि आपण कवितेंत रंगून जावें. त्या पाहुण्याला वाढावयाचें पीठ डब्यांत आहे कीं नाहीं, ही काळजी लक्ष्मीबाईंची. ‘स्मृतिचित्रें’ वाचतांना वाचक हंसतो, पण त्या हंसण्याखालीं एक कठीण धडा आहे. पुरुषाच्या औदार्याचें बिल पुष्कळदां बायकोच्या ताटांतून चुकतें होतें. श्रद्धेनें दिलेलें दान कोणाच्या श्रमांतून दिलें गेलें, हा प्रश्न धर्मशील माणसानें स्वतःला विचारावयास हवा. लक्ष्मीबाईंनीं तक्रारही केली, भांडणही केलें, आणि ताटही वाढलें. म्हणून त्या घराचें श्रेय वांटतांना मोठा वांटा स्वयंपाकघराकडे जातो.

याच घरांत ‘बालकवि’ त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना माया मिळाली. अल्पवयी, हळवा, निराधार असा हा मुलगा नगरास टिळकांकडे राहिला. टिळकांनीं त्याच्या कवितेला आणि लक्ष्मीबाईंनीं त्याच्या रुसव्याफुगव्यांना सांभाळलें. ठोंबरे हिंदू होते आणि हिंदूच राहिले. ५ मे १९१८ रोजीं रेल्वेच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. पण तोंवर मराठी कवितेला जें लेणें मिळावयाचें तें मिळून चुकलें होतें. ख्रिस्ती घरांतील भाकरी खाऊन निसर्गाचीं गाणीं गाणारा हिंदू कवि वाढला, यांत दोन्ही पक्षांचें कांहीं उणें झालें नाहीं.

तिसरी जागा कामाची. प्रार्थना करणें पुष्कळांना जमतें. तेंच काम रोज, कोणी पाहत नसतांना, चोख करणें थोड्यांना जमतें. आयुष्याच्या शेवटच्या पंधरा-सोळा वर्षांत रमाबाईंनीं पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर हातीं घेतलें. त्यासाठीं उतारवयांत त्या इब्री आणि ग्रीक भाषा शिकल्या. प्रचलित भाषांतरांतील संस्कृतप्रचुर शब्द खेड्यांतल्या बायकांना समजत नाहींत, हें त्यांना मुक्तिसदनांत रोज दिसत होतें. ज्या बाईचें संस्कृत ऐकून कलकत्त्याचे पंडित चकित झाले, तिनें चुलीपाशीं बसणाऱ्या बाईला कळावें म्हणून एकेक भारी शब्द बाजूला ठेवला! विद्वानाच्या हातून याहून अवघड दान क्वचितच घडत असेल.

हा ग्रंथ छापला कोणीं? मुक्तिसदनाच्याच छापखान्यांत, तेथील बायकांनीं. दुष्काळांत ज्या अक्षरशून्य मुली आल्या, त्यांच्यांतल्याच कित्येक वाचावयास शिकल्या, आणि कांहीं खिळे जुळवावयास शिकल्या. मराठी खिळे जुळविणें म्हणजे सोपें काम नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर, प्रत्येकाचें घर वेगळें. एक खिळा चुकला कीं ‘दिन’ चा ‘दीन’ होतो. मुद्रितें तपासावीं, चुका काढाव्या, पुन्हां जुळवावें, फर्मा चढवावा. हें वर्षानुवर्षें चाललें. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा वारली. एकुलती एक मुलगी गेल्यावरही रमाबाईंनीं लेखणी खालीं ठेवली नाहीं. काम पुरें झालें आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेवला. सबंध ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्या छापखान्यांतील जुळारणींचीं नांवें मुखपृष्ठावर नाहींत. परंतु प्रत्येक ओळ त्यांच्या बोटांतून गेलेली आहे.

लक्ष्मीबाईंचेंही असेंच. लग्न होऊन आल्या तेव्हां त्यांना अक्षरओळख नव्हती. टिळकांनीं ‘ख्रिस्तायन’ हें ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र आरंभिलें, पण थोडे अध्याय होतात न होतात तोंच ९ मे १९१९ रोजीं ते निवर्तले. उरलेला सारा ग्रंथ, म्हणजे त्याचा फार मोठा भाग, लक्ष्मीबाईंनीं नेटानें तडीस नेला. पतीच्या दानाचें ओझें जसें त्यांनीं उचललें, तसेंच त्याचें अपुरें कामही.

येथपर्यंत ज्यांचीं नांवें आलीं तीं मोठ्या माणसांचीं. पण धर्म मोठ्या माणसांवर जगत नाहीं. ज्यांचें चरित्र कोणी लिहिलें नाहीं अशीं हजारों ख्रिस्ती घरें महाराष्ट्रांत आहेत. संध्याकाळीं दिवा लागल्यावर तेथें सगळें कुटुंब एकत्र बसतें, एक उतारा वाचला जातो, एक भजन म्हटलें जातें. जेवणापूर्वीं क्षणभर डोळे मिटून अन्नाबद्दल उपकार मानतात. कापणीच्या सणाला शेतकरी आपल्या शेतांतलें कणीस, भोपळा, एखादी कोंबडी प्रार्थनामंदिरांत आणून ठेवतो, आणि त्यांच्या लिलांवाचे पैसे मंडळीच्या कामीं लागतात. नाताळांत करंज्यांचें ताट रुमालाखालीं झांकून हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांकडे जातें, आणि दिवाळी-ईदला तें ताट रिकामें परत येत नाहीं. ज्या काळीं परक्याच्या जखमा धुण्याचें काम कुलीन घरांतील स्त्रिया हलकें मानीत, त्या काळीं अनेक मराठी ख्रिस्ती मुली परिचारिका झाल्या. रुग्णाला त्यांच्या श्रद्धेचें नांव ठाऊक नसेल. पण रात्रीं दोन वाजतां उशी सरळ करणारा हात त्याला ठाऊक होता.

अर्थात् यांतली कोणतीही गोष्ट ख्रिस्ती लोकांचीच मिरास नव्हे. भुकेल्याला अन्न देणारे सर्व धर्मांत आहेत, आणि प्रार्थना संपवून बाहेर येतांच दारच्या भिकाऱ्यावर खेंकसणारेही सर्व धर्मांत आहेत. ख्रिस्ती मनुष्याची अडचण इतकीच कीं, त्याच्या ग्रंथानें त्याला पळवाट ठेवलेली नाहीं. कृतीवांचून श्रद्धा मृत आहे, असें याकोबाच्या पत्रांत स्पष्ट सांगितलें आहे. आणि उजवा हात काय देतो हें डाव्या हाताला कळूं देऊं नये, असें येशूनें डोंगरावरील प्रवचनांत बजाविलें आहे. म्हणजे करावयाचें तर आहेच, पण मिरवावयाचें नाहीं. या दोन आज्ञांच्या मधून जाणारी वाट मोठी अरुंद आहे, आणि ती स्वयंपाकघर, पाणवठा आणि कामाची जागा यांवरून जाते.

केडगांवचें मुक्तिसदन आजही आहे. तेथें आजही अनाथ मुलींना आणि निराधार स्त्रियांना आसरा मिळतो. कोणी प्रवासी तेथें जाऊन श्रद्धा कोठें आहे असें विचारील, तर त्याला बहुधा प्रार्थनामंदिर दाखविण्यांत येईल. तें त्यानें अवश्य पाहावें. पण तेथून निघण्यापूर्वीं त्यानें जेवणाची घंटा होईपर्यंत थांबावें, आणि शेवटच्या पानावर बसलेल्या मुलीला कोण वाढतें आहे, तेंही पाहावें.